पाठ केलेली सहानुभूती

उभा जन्म सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून गेलेल्या बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा वरच्यांनी त्यांना नर्सिंग कॉलेजात बसून करायचं काम दिलं. दुसऱ्या वर्षाला संवादकौशल्य शिकवायचं. "पेशंटशी बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?" असं म्हणून प्राचार्यांनी त्यांच्या हातात एक छापील पुस्तिका ठेवली.

पुस्तिकेत वाक्यं होती. चिडलेल्या नातेवाइकाला म्हणायची वेगळी, रडणाऱ्याला म्हणायची वेगळी. 'मी तुमच्या भावना समजू शकते.' 'आपली काळजी अगदी स्वाभाविक आहे.' 'आम्ही आपल्या सोबत आहोत.' प्रात्यक्षिक परीक्षेत वाक्यागणिक मार्क होते, त्यामुळे मुलींनी ती सगळी घडाघडा पाठ केली होती. बोलायला मात्र एकीलाही येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी एक प्रसंग करून घ्यायचं ठरवलं. सरावाच्या खोलीत पलंगावर रबरी पुतळा होता, तो पेशंट. बाई स्वतः चिडलेली नातेवाईक झाल्या. नर्स व्हायला त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं. तिचा आवाज इतका बारीक की वर्गात तिला सगळे चिमणीच म्हणायचे.

"माझ्या वडिलांकडे सकाळपासून कुणी फिरकलं नाही," बाई तावातावाने म्हणाल्या.

"मी तुमच्या भावना समजू शकते," चिमणी म्हणाली.

"अहो, त्यांचं सलाइन संपलंय. नळीत रक्त चढतंय."

"आपली काळजी अगदी स्वाभाविक आहे."

"अगं, आधी सलाइन बंद कर की."

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ते पुस्तिकेत नाहीये."

बाई तशाच प्राचार्यांकडे गेल्या. या वाक्यांनी पोरींचे पोपट होतायत, हे त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरं, मार्क कशावर द्यायचे? 'छान बोलली' एवढं लिहून तपासणीला दाखवू?" बाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी वाक्यं म्हणून घेतली.

त्याच सुमारास त्यांच्या मोठ्या भावाला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी कॉलेजच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी रजा काढली आणि घरच्या कपड्यांत वहिनीशेजारी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसल्या. सकाळी नेतो म्हणाले होते. दुपार झाली. आत दादा उपाशीपोटी कूस बदलत होते. वहिनी दर थोड्या वेळाने आत डोकावून यायची आणि परत बसायची. बाई दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. आपली ओळख मिरवून रांगेत पुढे घुसणाऱ्यांना त्यांनी जन्मभर हाकललं होतं. आता कुठल्या तोंडाने आत जाणार?

शेवटी वॉर्डातून एक शिकाऊ नर्स बाहेर आली. ती चिमणी होती. तिची नजर हातातल्या कागदावर होती, त्यामुळे बाई तिला दिसल्याच नाहीत. ती वहिनीसमोर ताठ उभी राहिली.

"मी तुमच्या भावना समजू शकते. काही अपरिहार्य कारणास्तव आजचं ऑपरेशन पुढे ढकलण्यात आलं आहे. आम्ही आपल्या सोबत आहोत."

"पुढे म्हणजे कधी?" वहिनीने विचारलं.

"आपली काळजी अगदी स्वाभाविक आहे."

घरात कधी चढा सूर न लावणारी वहिनी ताडकन उठली. "माझी काळजी राहू दे बाजूला. त्यांच्या पोटात काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. पाणी पाजू की नको, तेवढं सांग."

चिमणी हातातला कागद उलटसुलट करून पाहू लागली. वहिनी तिच्यावरची नजर न काढता नणंदेला म्हणाली, "काय गं, तुमच्यात यांना बोलायला कुणी शिकवत नाही का?"

"मी शिकवते, वहिनी," बाई म्हणाल्या.

आता चिमणीने वर पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तिच्यावर की स्वतःवर, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी आवाज आवरला. "त्यांना पाणी द्यायचं का, माहीत आहे तुला?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"विचारून येऊ?"

"जा."

ती पळतच गेली आणि धापा टाकत आली. "भूल देणारे डॉक्टर अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेत. म्हणून आज नाही होणार. उद्या सकाळी पहिला नंबर काकांचाच आहे. आता त्यांना जेवायला देऊ शकता, आधी थोडं पाणी द्या. रात्री परत कधी बंद करायचं ते मी रात्रपाळीच्या सिस्टरना सांगून जाते."

"एवढंच हवं होतं गं बाई," वहिनी म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दादांचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं. वर्गावर परतल्यावर बाईंनी पुस्तिका दप्तरात टाकायला लावल्या. समोरच्याला काय हवंय ते आधी विचारा, ठाऊक असेल ते सांगा, ठाऊक नसेल तर तसं म्हणा आणि विचारून या, एवढंच त्या शिकवत राहिल्या.

"पण परीक्षेत?" एकीने विचारलं.

"परीक्षेतही असंच बोला. पुढचं मी बघते," बाई म्हणून गेल्या.

मुली हुशार होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे एक सोडून सगळ्यांनी पुस्तिकाच म्हटली आणि त्या सगळ्या पास झाल्या. एकट्या चिमणीने नातेवाईक बनलेल्या परीक्षकांना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?" ते गोंधळले. त्यांच्या कागदावर या प्रश्नाला रकानाच नव्हता. चिमणी नापास झाली.

बाई परीक्षकांशी भांडल्या, प्राचार्यांशी भांडल्या. दगडावर डोकं आपटून झालं, पण मार्क हलले नाहीत.

चिमणी त्यांना जिन्यात भेटली. "तुम्ही म्हणाला होतात, मी बघते."

"बघितलं. नाही ऐकलं त्यांनी. मी तुला शब्द द्यायला नको होता."

"मग मी आता काय करू?"

हे उत्तर द्यायला बाईंना फार जड गेलं. "पाठ कर," त्या म्हणाल्या.

फेरपरीक्षा कॉलेजातलीच होती, ती बाईंनाच घ्यावी लागली. चिमणी भिंतीकडे बघत एकेक वाक्य म्हणत गेली, बाई एकेका रकान्यात खूण करत गेल्या. तिला पैकीच्या पैकी मिळाले. 'थँक्यू मॅडम' म्हणून ती वर न बघता निघून गेली.

त्याच दिवशी बाईंनी प्राचार्यांकडे वॉर्ड परत मागितला. वर्ग सुटला नाही; मुलींच्या वॉर्डातल्या सकाळच्या ड्युटीवर देखरेख तेवढी वाढवून मिळाली. आता त्या गुडघ्यांना पट्टे बांधून खाटांमधून फिरतात. एखादी पोरगी पेशंटपुढे गोड आवाजात भावना समजायला लागली, की तिची बाही धरून तिला बाजूला घेतात. "त्यांनी काय विचारलं? माहीत नाही ना? मग जा, विचारून ये." दुपारी त्याच पोरींकडून वर्गात वाक्यं म्हणून घेतात. संध्याकाळपर्यंत गुडघे सुजलेले असतात आणि घसा बसलेला.