मागच्या टाकीचं पाणी

“आई, नाक नका घालू त्यात, बुरशी असते,” सून म्हणाली.

मी घातलंच. मूठभर ओलं मिश्रण तळहातावर घेऊन हुंगलं. पाइनची कुजलेली साल, नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन वर्षं मुरलेलं पानांचं खत. वास जंगलासारखा होता, पण तिला कशाला सांगू?

“शेकोटीत घालायला बरं आहे,” म्हटलं.

आमच्या रोपवाटिकेत तीस वर्षं पीट यायचं. दलदलीतून खणलेलं, काळं, आंबट. अनंताच्या झाडाला आंबटच लागतं, नाहीतर पानं पिवळी पडतात. या वर्षी सुनेने ते बंद केलं. “ती दलदल तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, आई. आपल्या कुंड्या भरायला ती उपसायची?”

मी चौथी शिकलेली बाई. हजारो वर्षांचा हिशेब मला काय कळणार? मला एवढंच माहीत होतं की ह्यांनी लावलेलं अनंताचं जुनं झाड गेल्या थंडीत गेलं, आणि त्याच्या जगलेल्या बारा फांद्या हिने आपल्या त्या मिश्रणात लावल्या होत्या. त्या गेल्या की बागेत ह्यांचं काही उरणार नव्हतं.

दोन महिन्यांनी पानं बिघडली. शिरा हिरव्या, बाकी सगळं पिवळं.

“घाल आता भुसा,” मी म्हटलं. मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

जेवताना मुलगा म्हणाला, “तुम्ही दोघी अनंतावरून भांडताय आणि पिवळा मी पडतोय.”

सून हसली नाही. “भरताना आंबटपणा मोजला होता मी. बरोबर होता. आता उतरलाय, कशाने ते कळत नाही. उद्या पीटची पोती मागवते.”

मला हेच तर हवं होतं. तरी घास गोड लागला नाही.

सकाळी किटली घासायला घेतली. तळाशी विहिरीच्या पाण्याचा नेहमीचा पांढरा थर. व्हिनेगर ओतलं तसा तो फसफसून विरला. आंबटही गेलं, पांढरंही गेलं. मी तशीच किटली हातात घेऊन बाहेर आले. बाराही कुंड्यांच्या काठाला तोच पांढरा थर होता.

सून रोज सकाळी मागच्या टाकीतलं, पावसाचं साठवलेलं पाणी घालायची, अगदी मोजकं. मला वाटायचं, हात आखडतेय. म्हणून ती दुकानात बसली की दुपारी मी विहिरीच्या नळाला पाइप लावून कुंड्या भिजवायचे.

हे होते तेव्हा त्यांचंही तसंच. बाकी बागेला पाइप, अनंताला मात्र मागच्या टाकीवरून झारी भरून आणायचे. “गिऱ्हाईक आलं की ह्यांना झाडाची तहान आठवते,” असं मी चारचौघांत म्हणायचे. हे हसायचे. कधी कारण सांगितलं नाही. सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

सुनेने फोन कानाला लावला होता.

“ठेव तो.”

“का?”

“मिश्रण चांगलं आहे तुझं. नळाचं पाणी मी घातलं. रोज, दुपारी.”

तिच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. तिने फोन खाली ठेवला.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“तरीच. मी म्हणते, संध्याकाळी माती एवढी ओली कशी?”

मी टाकीमागून ह्यांची झारी काढली. मुठीला ह्यांनी गुंडाळलेली चिंधी अजून होती. अर्धीच भरली, तरी वाटेत दोनदा टेकवावी लागली.

“द्या इकडे, आई. जड आहे.”

“जड आहे ते मला कळतंय. किती घालायचं ते कळत नाही. तू नुसतं सांग.”

मी पहिल्या कुंडीवर झारी वाकवली. ती शेजारी उकिडवी बसून मातीकडे बघत होती.

“थांबा,” ती म्हणाली.

मी थांबले.