विमलच्या बरगड्यांचा फोटो

१९६१ साली मी यवतमाळात एक्सरेचं मशीन चालवत होतो. "श्वास रोखा" म्हटलं की नेमकी खोकणारी जिवंत माणसंच मला पुरेशी होती, त्यात त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या टेबलावर मुडदा आणून ठेवला.

मुडदा विमलचा. वय एकोणीस, लग्नाला चार महिने. आर्णीकडून येताना कापसाची बैलबंडी नाल्यात उलटली आणि ती कापसाखाली गुदमरली, असं नवरा नानाजी सांगत होता. तिचा बाप सदाशिवराव म्हणत होता, आधी बडवून मारली, मग बंडी उलटवली. बाप मोठा जमीनदार, त्यामुळे पोलीस जमादारानं जावयाला कधीच बेड्या घातल्या होत्या.

"म्या सोता हात लावून पाह्यला," सदाशिवराव गरजला. "डाव्या बरगडीले गाठ हाये. यानंच मोडली! फाशीवर चढवतो तुले, हरामखोरा!"

"मामाजी, मी कायले मारीन तिले?"

"चूप! तोंड नोको उघडू."

गाठ डॉक्टरांच्याही हाताला लागली होती. चिरफाड करण्याआधी त्यांना हाडं जागच्या जागी पाहायची होती. खरं सांगतो, मलाही नानाजीच खुनी वाटत होता. त्याचं रडकं तोंड पाहून माझं डोकं फिरत होतं.

मी फिल्म धुतली. डॉक्टर ती ओलीच घेऊन मुडद्यामागं शवागारात गेले. तासाभरानं परतले तेव्हा सगळे माझ्याच खोलीत बसून होते.

"भेटली का मोडलेली?" सदाशिवरावानं विचारलं. "लिहा मंग!"

"एक नाही, तीन मोडल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "पण तिन्ही जुळून आल्यात, गाठ त्या जुळलेल्या हाडाचीच. फोटोत दिसलं तेच आत उघडून पाहिलं. ताजा मार कुठंच नाही. पोरगी गुदमरूनच गेली. बरगड्या मोडून वर्ष तरी झालं असेल. तेव्हा ही कोणाच्या घरी होती?"

सदाशिवराव गोंधळला. "पडली अशीन कुठी. मले नाही आठवत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

सकाळपासून भिंतीला टेकून बसलेली विमलची आई, इंदूबाई, उठली. "मले आठवते. मांगच्या सालच्या पोळ्याले. बैलाची झूल धुतली नाही म्हनून, बंडीच्या उभारीच्या दांड्यानं."

"बाहेर चाल, रांडे!" सदाशिवरावानं हात उगारला.

ती हलली नाही. त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जिथून नुकतीच तिची पोरगी उचलून नेली होती, त्या टेबलावर ती स्वतः चढून आडवी झाली.

"भाऊ, आता माहा फोटो काढ," ती मला म्हणाली. "कितीक हायेत ते मले मोजता नाही येत."

मी सदाशिवरावाला खांद्याला धरून बाहेर ढकललं, दाराला कडी घातली आणि नवी फिल्म भरली.