परलोकाची राजभाषा

सिमेंटच्या गोदामावरचा हॉल गच्च भरे आणि चपलांचा ढीग जिना उतरून रस्त्यावर येई. व्यासपीठावर टपालबाबा बसत. मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवत, म्हणून हे नाव. डोळे फिरवून ते कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलत, मधेच थांबत, पुन्हा बोलू लागत.

"ही परलोकाची राजभाषा," ते समजावत. "मी थांबतो तिथं आत्मा दम खातो. लांबून येतो बिचारा."

मग भाषांतर होई. आत्मे व्यवहाराला भलतेच पक्के असत; हॉलला पंखे कमी पडतात, हेही त्यांना वरून दिसे.

निवृत्त मास्तर मागच्या खुर्चीत बसत ते थोरल्या बहिणीपायी. ताईचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला होता. बाबांच्या तोंडून तो म्हणाला होता, "आई, सुया टोचून घेऊ नकोस. तुझी साखर मी बघतो." त्या दिवसापासून ताईनं इन्सुलिन सोडलं. तळपायाची जखम चिघळत चालली. डॉक्टर रागावले, मास्तर विनवून थकले. पोटचा पोर आईशी खोटं बोलेल का, एवढंच ती विचारी.

बाबांच्या त्या न कळणाऱ्या भाषेतले शब्द मात्र मास्तरांना ओळखीचे वाटत. शाळेत ते आठवड्याला एक तास जगातल्या धर्मांविषयी सांगत: कोण जन्माचं स्वागत कसं करतं, कोण मेलेल्याला निरोप कसा देतं. हेडमास्तर म्हणत, "परीक्षेत येतं का हे? नसत्या उठाठेवी." एका ज्यू सहकाऱ्याच्या दफनाला मास्तर गेले होते, तिथं असंच काहीसं कानावर पडलं होतं. पण कान म्हातारे, ज्ञान पुस्तकी. चुकलो तर ताईच्या दुःखाची चेष्टा व्हायची. या घोळात दिवस गेले. पाय काळा पडू लागला, तेव्हा कुठं ते चौकातल्या ज्यू घड्याळजीकडे गेले आणि ऐकलेल्या दोन ओळी चाचरत म्हणून दाखवल्या.

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. ती त्यांची शोकाची प्रार्थना होती, जुन्या अरामी भाषेतली. बाबांच्या भुवईवरचा व्रण सांगताच त्यानं माणूसही ओळखला. तो त्यांच्या दफनभूमीचा जुना रखवालदार होता. प्रत्येक दफनाला हात जोडून उभा राहायचा. "आम्हाला वाटायचं, भला माणूस आहे."

ताई ज्यूंच्या प्रार्थनाघरात यायला तयार नव्हती. सोनं खरं असेल तर कसोटीला भ्यायचं कशाला, असं मास्तरांनी म्हटल्यावर ती निघाली.

प्रार्थनाघर लहानसं होतं. ताई बायकांच्या बाकावर टेकली. प्रार्थना संपता संपता एक माणूस उभा राहिला. त्याची आई नुकतीच गेली होती. त्यानं सुरुवात केली आणि ताईनं पदर मुठीत धरला. तेच शब्द. बाबा थांबत नेमका तिथंच तो थांबला, आणि सगळी बाकं म्हणाली, "आमेन." पुन्हा थांबला. पुन्हा, "आमेन."

आत्मा कुठं दम खात नव्हता. ती जागा सोबत उभ्या असलेल्यांच्या उत्तराची होती. ते उत्तर कुणीही ओळखलं असतं, म्हणून बाबांनी तेवढंच गाळलं होतं.

बाहेर ताईनं घड्याळजीला विचारलं, "यात गेलेलं माणूस काय सांगतं?"

"काही नाही, ताई. यात मरणाचं नावसुद्धा नाही, देवाची थोरवी आहे फक्त. गेलेला बोलत नाही, म्हणून तर राहिलेल्यांनी उभं राहायचं."

गाडीत ती म्हणाली, "माझा मुलगा आज दुसऱ्यांदा गेला रे. आणि आज तू नेलास."

मास्तरांनी गाडी इस्पितळाकडे घ्यायला सांगितली.

बाबांच्या पुढच्या बैठकीत घड्याळजी मागं जाऊन बसला. बाबा थांबले तसा तो उठून शांतपणे म्हणाला, "आमेन." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि परलोकाची राजभाषा पुढं विसरले. घड्याळजीनं मग लोकांना सगळं सांगितलं. काहींनी ऐकलं, काही नवा बाबा शोधायला गेले.

हे पाहायला मास्तर नव्हते. ते इस्पितळात होते. ताईचा जीव वाचला, पाऊल गेलं. तिनं भावाला बोल लावला नाही, आभारही मानले नाहीत. सुईसाठी हात मात्र पुढं केला.

शेजाऱ्याचा देव आपण मानायलाच हवा असं नाही. पण तो त्याला हाक कशी मारतो, आपल्या माणसांना कसं रडतो, एवढं ठाऊक असावं. नाहीतर त्याचं रडणं चोरून कुणीतरी आपल्यालाच चमत्कार म्हणून विकतो. आणि शंका आली, तर विचारायला लाजू नये. मास्तर लाजले, तेवढ्यात जखम वर चढली.