सत्तावीस किलोमीटरसाठी फिट

रजिस्टर निळ्या पुठ्ठ्याचं होतं आणि ते दारामागच्या स्टुलावर असायचं. पट्टीने आखलेले सहा रकाने होते त्यात: तारीख, वेळ, टक्के, किलोमीटर, कुठे आणि शेवटी फिट. शेवटच्या रकान्यात रामकृष्ण बारलिंगे यांची सही झाली की खिळ्यावरची चावी निघायची आणि त्यांची सून शर्मिष्ठा घराबाहेर पडायची.

रामकृष्णराव छत्तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये होते, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. फोरमनच्या सहीशिवाय शेडमधून इंजिन सुटत नाही. निवृत्तीनंतर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरात सही करण्याजोगं काही उरलं नव्हतं. कूलर, मिक्सर आणि पाण्याची मोटर यांच्यावर माणूस किती दिवस काढणार? मग दीड वर्षापूर्वी दारात विजेवर चालणारी गाडी आली, आणि त्यांना त्यांचं शेड परत मिळालं.

खरं तर त्या गाडीला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. शर्मिष्ठा राजिमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. घरापासून कॉलेज पंचेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन नव्वद. गाडीची धाव किती, मे महिन्यात एसी लावल्यावर ती किती घटते, सात वर्षांनी बॅटरीत किती जीव उरेल, हे सगळं तिने आलेखाच्या कागदावर मांडलं होतं. नवरा सचिन म्हणाला, "तुला पटते ना, मग झालं." सासूबाई पद्मिनीबाईंनी विचारलं, "पावसात शॉक तं नाही लागत?" रामकृष्णरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बिनइंजिनाची गाडी म्हणजे पोट्ट्यांचं खेळणं. घ्यायचीच असन तं हायब्रिड घ्या. वीज संपली तरी पेट्रोल राहते पोटात."

"हायब्रिड म्हणजे दोन यंत्रं, बाबा. दोन्ही सांभाळायची. ज्याला रोज नवा रस्ता, त्याला ती ठीक. माझा रस्ता ठरलेला आहे."

"अन् अर्ध्या रस्त्यात बंद पडली तं? वीज कोणी डबकीत भरून देते काय?"

तेव्हा शर्मिष्ठाने चहाचा कप खाली ठेवून विचारलं होतं, "बाबा, तुमच्या डिझेल इंजिनाची चाकं कोण फिरवतं?"

"ट्रॅक्शन मोटर," ते सवयीने म्हणाले.

"मोटर कशावर चालते?"

"विजेवर. डिझेलवर अल्टरनेटर फिरते, अल्टरनेटर वीज देते, वीज..." आणि ते थांबले.

"म्हणजे चाकं विजेचीच. छत्तीस वर्षं तुम्ही जवळजवळ हायब्रिडच सांभाळत होता. फक्त धावेसाठी वीज साठवायची सोय नव्हती."

रामकृष्णराव खूप वेळ हसले. दुसऱ्या दिवशी स्वतः शोरूममध्ये गेले आणि तिथल्या मुलाला तीन तास प्रश्न विचारून आले. गाडी आली त्या संध्याकाळी त्यांनी निळं रजिस्टर आणलं. शर्मिष्ठा तो वाद जिंकली होती. कशाच्या मोबदल्यात जिंकली, हे तिला कळायला पुढचे चार महिने लागले.

जुन्या गाडीत पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस कधी विचारत नसे, की बाई, कुठे चाललात. टाकी भरली की रस्ता तिचा. आता तिचा प्रत्येक किलोमीटर घराच्या भिंतीतून यायचा. एसी आणि गाडी एकदम लावली की फ्यूज उडायचा, म्हणून कोणाला केव्हा वीज हे सासरे ठरवायचे. गाडी घरी आली की ते डॅशबोर्डावरचा आकडा वाचून उतरवून घ्यायचे. एकदा पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला जाते असं सांगून ती मैत्रिणीकडे जाऊन आली, तर रात्री जेवताना म्हणाले, "पंडरी आपल्याहून चार किलोमीटर. आज एकोणीस चालली गाडी. काटा तं बिघडला नाही ना?" त्यात संशय नव्हता. असता तर तिला भांडता आलं असतं. ते खरोखरच काट्याची काळजी करत होते.

आणि आता तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. नवा रायपुरातल्या एका संशोधन संस्थेने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. शनिवारी, सकाळी अकरा वाजता. सहा वर्षांपूर्वी तिची बंगळुरूला वर्षभराच्या कामासाठी निवड झाली होती. त्या वेळी तिने घरी आधी सांगितलं. कोणीही नाही म्हणालं नव्हतं. फक्त सगळे बोलले. सचिन बोलला, सासूबाई बोलल्या, नागपूरची नणंद फोनवर बोलली, आणि तीन आठवडे बोलणं झाल्यावर कळवायची तारीख निघून गेली. या वेळी तिने ठरवलं होतं, नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत घरात शब्द काढायचा नाही.

तिने गणित पक्कं केलं होतं. सचिन कामासाठी कोरब्याला, रविवारी येणार. रजिस्टरमध्ये लिहायचं: राजिम, पेपर तपासणी. नवा रायपूर जाऊन-येऊन चोपन्न, राजिम नव्वद. उरलेले छत्तीस किलोमीटर रिंग रोडवर गाडी फिरवून भरून काढायचे, म्हणजे काटा जुळेल. हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती. बेचाळीस वर्षांची बाई, आणि खोटं बोलण्यासाठी छत्तीस किलोमीटर गाडी फिरवणार. पण गणित बरोबर होतं. कोणी विचारू नये म्हणून शुक्रवारी रात्रीपर्यंत ती काहीच बोलली नाही.

शनिवारी आठ वाजता ती साडी नेसून खाली आली, तर गाडीला वायर लावलेली होती आणि रामकृष्णराव बॉनेटवर फडकं मारत होते. तिने आत डोकावून आकडा पाहिला. नऊ टक्के.

"बाबा, हे काय? काल मी आले तेव्हा एकतीस होते."

"होते ना." ते खूश दिसले. "काल संध्याकाळी एसी अन् लाइट चालू ठेवून उतरवली. बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवायची, मग पूर्ण भरायची. आम्ही शेडमध्ये तसंच करत होतो. सगळे सेल बरोबरीले येतात. आज तुले सुट्टी, म्हटलं आज भरून टाकू आरामात."

"ती शिशाची बॅटरी, बाबा. ही लिथियमची आहे. हिला उतरवायची गरजच नसते. उलट त्रास होतो तिला."

फडकं थांबलं. "त्रास होते?"

"एकदा केल्याने काही नाही होत," ती घाईने म्हणाली. "पण मला आज जायचं आहे. राजिमला. पेपर तपासणी आहे."

"काल काहून नाही बोलली मग?"

काल ती बोलली असती, तर गाडी भरलेली असती. लपवलं म्हणूनच अडकली.

घरच्या प्लगवर तासाला नऊ-दहा टक्के चढायचे. साडेनऊपर्यंत तेवीस. एका टक्क्यात दोन किलोमीटर, म्हणजे सेहेचाळीस. ती मनात मोजत होती तेवढ्यात रामकृष्णरावांनी तेच मोठ्याने मोजलं.

"सेहेचाळीस. राजिम पंचेचाळीस. पोचशील, पण एक किलोमीटर हातात राहीन, अन् परतीचं तं सोडूनच दे. याले मी फिट नाही म्हणत."

"एसी नाही लावत."

"तरी नाही. मेन लाइनवर बंद पडलं तं सही कोणाची राहते? माझी."

पद्मिनीबाई पोळ्या लाटता लाटता आतून बोलल्या, "एक दिवस नाही गेली तं कॉलेज काय पळून जाते?"

"थांब, मी गुलाबराव सरांना फोन लावतो," रामकृष्णराव म्हणाले. गुलाबराव म्हणजे शर्मिष्ठाचे प्राचार्य. "अमरावतीकडचे आहेत, आपलेच. सांगतो, की चूक माझी आहे, सोमवारी येईन सून."

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की आतलं लाटणं थांबलं. मग हळू आवाजात, "फोन नको, बाबा. मी ऑटोने जाते. पुढून बस घेते."

"मग मी येतो ना भाटागावच्या स्टँडपर्यंत. तुले राजिमच्या बसमध्ये बसवून देतो. उन्हात कुठं शोधत बसशील?" ते चपला शोधू लागलेसुद्धा.

शर्मिष्ठा दारात उभी राहिली. सगळीकडून माया, आणि निघायला फट नाही. गाडी घ्यावी तर राजिमला फिट नाही. ऑटो घ्यावा तर सासरे बसमध्ये बसवून देणार, आणि ती बस खरंच राजिमला जाणार. घरी थांबावं तर अकरा वाजून जाणार. गंमत अशी, की तिचं खोटं पंचेचाळीस किलोमीटरचं होतं आणि खरं फक्त सत्तावीस. खऱ्यासाठी, निदान जाण्यापुरती, साडेनऊला गाडीत वीज असणार होती. पण खरं सांगितलं की सासूबाई पोळपाट सोडून बाहेर येणार, सचिनला फोन जाणार, नागपूर जागं होणार, आणि पुन्हा सगळे बोलायला बसणार.

"चप्पल राहू द्या, बाबा. साडेनऊपर्यंत चार्ज होऊ द्या, मग बघू," ती म्हणाली. त्यांनी चपला खाली ठेवल्या.

दीड तास ती बाहेरच्या खोलीत रजिस्टर मांडीवर घेऊन बसली. पंखा गरम हवा फिरवत होता. पानामागून पान एकच शब्द: राजिम, राजिम, राजिम. मधे कुठे पंडरी, कुठे शंकर नगर. दीड वर्षाचं तिचं आयुष्य एका रकान्यात मावलं होतं. ती रकाने बघत राहिली. पट्टीच्या रेघा सरळ होत्या, पण पाचवी, 'कुठे'च्या रकान्याची, रेघ वेगळ्या शाईची होती. नंतर ओढलेली.

साडेनऊला ती उठली. गाडीत तेवीस टक्के झाले होते. रामकृष्णरावांनी चष्मा चढवून पेन काढलं.

"बाबा, एक विचारू? शेडच्या रजिस्टरमध्ये 'कुठे' असा रकाना होता का?"

"शेडच्या?" त्यांनी आठवून पाहिलं. खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं, रजिस्टरच्या बाबतीत तर मुळीच नाही. "नाही. इंजिन कोणत्या गाडीले लागन, कुठं जाईन, ते कंट्रोल पाहते. शेडनं फक्त सांगायचं, फिट आहे की नाही."

"मग हा रकाना?"

"हा..." ते ओशाळले. "हा मी टाकला. घरचं माणूस कुठं गेलं हे माहीत असावं म्हणून."

"आज नका भरू तो." तिचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता. "मला फक्त सांगा, ही गाडी सत्तावीस किलोमीटरसाठी फिट आहे का?"

रामकृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं. तात्यापाऱ्यापासून राजिम सत्तावीसवर नाही, हे रायपुरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? ते काहीतरी बोलायला गेले. मग त्यांची नजर तिच्या इस्त्रीच्या साडीवर गेली, पर्सवर गेली, हातातल्या कागदांच्या फाइलवर गेली. पेपर तपासायला कोणी फाइल घेऊन जात नाही.

"सत्तावीस जायचे," ते सावकाश म्हणाले. "अन् यायचे?"

"यायचं तिथे पाहीन. तिथे एक चार्जिंग पॉइंट आहे. चालू असेल तर."

"अन् नसन तं?"

"नसेल तर मी तिथे अडकेन."

ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. चारही चाकं दाबून पाहिली. वायर काढून तिची नीट वेटोळी केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. शर्मिष्ठा घड्याळाकडे पाहायचं टाळत होती. शेवटी त्यांनी रजिस्टर घेतलं. तारीख. नऊ पस्तीस. तेवीस टक्के. सत्तावीस. पाचव्या रकान्यावर पेन थांबलं, हललं, आणि पुढे सरकलं. सही झाली.

"एसी लावू नको. पन्नासच्या वर जाऊ नको."

"हो."

गाडीला आवाज नव्हता आणि काचा खाली होत्या, म्हणून गल्लीतून निघताना तिला मागचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. पद्मिनीबाई कणकेच्या हाताने दारात आल्या होत्या.

"गेली? कुठं गेली?"

आणि रामकृष्णरावांचा आवाज, फोरमनचा, "सत्तावीस किलोमीटर."

"म्हणजे कुठं?"

पुढचं ऐकू आलं नाही.

रुंद, रिकाम्या रस्त्याने ती पन्नासच्या वेगाने गेली. पेट्रोलच्या गाड्या, ट्रक, एक स्कूटरसुद्धा तिला मागे टाकून गेली. लूची गरम झळ खिडकीतून सरळ तोंडावर येत होती. एसीच्या बटणाकडे तिचा हात दोनदा गेला आणि परत आला. एकोणीस, सोळा, तेरा. संस्थेच्या फाटकात गाडी लावली तेव्हा दहा टक्के उरले होते. परतीला साडेतेरा हवेत. चार्जिंग पॉइंट कोपऱ्यात होता, पण त्याच्या खोक्यावर दिवा लागलेला दिसत नव्हता. साडेतीन टक्के कुठून आणायचे, हे मुलाखतीनंतर बघायचं होतं. आणि घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगायचं, तेही. त्याला टक्क्यांचं गणित नव्हतं.

ती पदराने मान पुसत होती तेव्हा फोन वाजला. 'बाबा'. तिने तो तीन वेळा वाजू दिला. घराला कळलं असेल. आता एकेक जण बोलेल.

"हॅलो?"

"किती टक्के?"

"दहा."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. ते लिहून घेत होते.

"हव, ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

दहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. शर्मिष्ठाने फाइल उचलली, काचा बंद केल्या आणि ती आत गेली.