कोरड्या तोंडाचा पट

पिंपळटोल्याच्या गुणवंतरावांनी पटाच्या बैलांना जन्मात कधी टोकाला खिळा असलेली तुतारी टोचली नाही. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकणारे बाकीचे धुरकरी बैलांच्या पुठ्ठ्यात खिळा खुपसायचे, शेपट्या पिरगाळायचे, बैलांच्या सात पिढ्या उद्धरायचे. गुणवंतराव छकड्यावर बसायचे, जीभ टाळूला चिकटवायचे आणि सोडायचे. टक्‌. गाव त्याला जिभेची टाळी म्हणायचं. ती वाजली की भुऱ्या आणि लिंब्या असे सुटायचे की बघणाऱ्यांच्या टोप्या उडायच्या. निदान गुणवंतराव तरी तसं सांगायचे, आणि शकुबाई, त्यांची बायको, संसारात शांतता राहावी म्हणून मान डोलवायची.

मग त्यांना लकवा मारला. डावा हात, डावा पाय आणि तोंडाचा एक कोपरा गेला. गावानं आपल्या परीनं सगळं केलं. मालिश झाली, कबुतराचं रक्त चोळून झालं, एका जाणत्यानं मोरपीसही फिरवलं. साल सरता सरता गुणवंतराव काठी टेकत चालू लागले. पण माणूस काही परत आला नाही. दिवसभर ओट्यावर बसायचे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती पुसायचंही त्यांच्या मनात यायचं नाही. शेजारची बकरी ओरडली तरी त्यांचे डोळे भरायचे. कोठ्यात बैल हंबरले तर मान वळायची नाही. एकदा शकुबाई त्यांच्यासमोरच बसून रडली, तर ते तिच्याकडे असे पाहत राहिले जणू ती भिंत आहे. त्या दिवसाची तिला जी धास्ती बसली ती बसलीच.

एकोणसाठ सालच्या पावसाळ्यानंतर ती त्यांना चांद्याला घेऊन गेली. डॉक्टर मुनघाटे म्हणाले, लकव्यानंतर पुष्कळांचं मन असंच बसतं, त्याच्यावर विलायतेहून एक नवी गोळी आली आहे. मग त्यांनी गोळीचे गुण सांगावेत तसे अवगुणही सांगितले. तोंड कोरडं पडेल, हात थरथरेल, पोट कुंथेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल. तरी मनानं बंद करायची नाही, त्रास झाला तर येऊन विचारायचं. शकुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की नवरा बोलेल ना. त्याच्या बदल्यात पोट कुंथत असेल तर कुंथो बापडं.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी गुणवंतराव म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. शकुबाई चुलीपुढे बसून हसली आणि रडली, आणि भाजीत मीठ टाकायचं विसरलीच. त्यानंतर गुणवंतराव जे बोलू लागले ते थांबेनात. दोन वर्षांचं साठलेलं होतं. धानाबद्दल बोलले, सरपंचाबद्दल बोलले, मेलेल्या सासऱ्याच्या कंजूषपणाबद्दल तर सांगोपांग बोलले. अधूनमधून जीभ टाळूला चिकटायची, की पाण्याचा लोटा मागायचे. कपातला चहा तोंडापर्यंत पोचेस्तोवर अर्धा बशीत यायचा. सकाळी लोटा घेऊन गावतळ्याकडे, बोडीकडे गेले की उन्हं चढल्यावर परत यायचे, तेही रिकाम्या हातानं युद्धावरून परतल्यासारखे. पण चेहऱ्यावर माणूस होता. शकुबाईला दुसरं काही नको होतं.

गुणवंतरावांना मात्र हवं होतं. धान घरात आलं, गावचा पट जवळ आला, आणि मानाचा पहिला फेरा यंदा पुन्हा त्यांच्याच जोडीचा, असं पंचांनी ठरवलं. आनंदानं ते काठी टेकत कोठ्यात गेले, जीभ टाळूला लावली, सोडली. काही नाही. फक्त 'फस्‌'. पुन्हा फस्‌. बैलांनी कानही हलवला नाही. आधी लाळ होती, मन नव्हतं. आता मन होतं, तर टाळी वाजण्यापुरतीही लाळ नव्हती.

सारं गाव उपायाला लागलं. कुणी आवळे आणले, कुणी चिंचेच्या शेंगा. गुणवंतरावांचा चुलतभाऊ मुखरू तर रोज ओट्यावर त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि डोळे मिटून, गाल आत ओढून, मचामचा चिंच खायचा. बघायला माणसं जमायची. साऱ्या गावाच्या तोंडाला पाणी सुटलं, एका गुणवंतरावांच्या नाही. मुखरूचे दात आंबले आणि त्याला आठवडाभर पेजेवर राहावं लागलं.

पटाच्या आदल्या दिवशी गुणवंतरावांनी गोळ्यांची डबी धोतराच्या कनवटीला खोचली आणि बायकोला ऐकवलं, "उद्या टाळी नाई वाजली, तर हे डबी बोडीत फेकतो. धुरकऱ्याची जीभ गेली, मंग उरलं का?"

डबी गेली की ओट्यावर पुन्हा तोच भिंतीकडे बघितल्यासारखा बघणारा माणूस येऊन बसेल, हे शकुबाईला दिसत होतं. त्या माणसापेक्षा सासऱ्याला, म्हणजे तिच्याच बापाला, शिव्या घालणारा हा तिला हजार पटीनं बरा वाटत होता. तिनं गावदेवीला नारळ बोलला, आणि देवीला लाळेचं एवढं बारीक काम जमेल का, असा संशयही मनात आणला.

दुसऱ्या दिवशी पट भरला. पंचक्रोशीतली माणसं मैदानाच्या दोन्ही अंगांना दाटली. चिवड्याची, जिलबीची दुकानं लागली. बायकांची जागा नेहमीप्रमाणे दूर, बाभळीखाली. पटात बाईनं तोंड उघडायचं नाही, अशी रीतच होती. गुणवंतरावांना छकड्यावर बसवलं, आणि पडू नयेत म्हणून शेल्यानं मुखरूच्या कमरेशी बांधलं. नारळ फुटला. झेंडी पडली.

फस्‌.

बैल उभे. गुणवंतराव पुन्हा फुसफुसले. भुऱ्यानं शेण टाकलं. कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले. मुखरूनं मागून कानात 'चिंच, चिंच' असा जप चालवला, त्यानंही काही होईना. गुणवंतरावांचा थरथरता उजवा हात कनवटीकडे गेला, आणि तो शकुबाईला बाभळीखालून दिसला.

रीत गेली चुलीत, असं म्हणून ती उठली, जीभ टाळूला लावली आणि सोडली.

टक्‌.

अशी खणखणीत टाळी पिंपळटोल्यात दोन वर्षांत वाजली नव्हती. म्हणजे मैदानात वाजली नव्हती. कोठ्यात रोज वाजत होती, हल्ली तर गुणवंतराव बोडीकडे गेलेले असताना. नवरा ओट्यावर मुका बसलेला, बैल ढेपेला, म्हणजे पेंडीला, तोंड लावत नव्हते, तेव्हा शकुबाईनं ही टाळी स्वतःच घोटून घोटून शिकून घेतली होती. टक्‌ करायची आणि टोपलं पुढे धरायचं. या दोन वर्षांत बैल टाळीचा जुना अर्थ विसरले होते. त्यांच्या लेखी टक्‌ म्हणजे धाव नव्हती, टक्‌ म्हणजे ढेप. हे शकुबाईच्या ध्यानात आलं तेव्हा जोडी अर्धवट वळलेली होती.

भुऱ्या आणि लिंब्या मैदान सोडून सरळ बाभळीकडे निघाले, आणि वेग म्हणाल तर खरंच टोप्या उडाल्या. वाटेत चिवड्याचं दुकान होतं, ते नंतर नव्हतं. जिलबीवाला झाडावर चढला. पंचांनी एकमेकांच्या मागे आडोसा घेतला. बायका पांगल्या, एकटी शकुबाई उभी राहिली. बैल तिच्यापुढे येऊन गपकन थांबले आणि तिच्या पदरात नाकं खुपसून ढेप हुंगू लागले. मुखरूनं डोळे मिटून गावदेवीला बोकड कबूल केला.

धूळ खाली बसली. गुणवंतरावांच्या पागोट्यावर मूठभर चिवडा होता. ते बैलांकडे बघत होते, मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. भिंतीकडे बघावं तसं नाही.

"दोन वर्सं ह्यायले ढेप कोन चारे?" त्यांनी विचारलं.

"मीच. दुसरं कोन होतं?"

"अन् हे टाळी?"

"तुमचीच ऐकून शिकली. तुमी तं वाजवत नव्हते."

मग गुणवंतरावांच्या घशातून फस्‌फस्‌ असा आवाज येऊ लागला. शकुबाई घाबरली, पण तो हसण्याचा होता. वाकड्या तोंडानं, कोरड्या जिभेनं ते इतके हसले की शेल्यानं बांधलेला मुखरूही नाइलाजानं हलू लागला. त्यांनी कनवटीची डबी काढून बायकोच्या हातात ठेवली.

"हे तूच ठेव वो," ते म्हणाले. "मी कोरडा राह्यलो तं राह्यलो. टाळी आपल्या घरातच आहे."

मानाचा फेरा अर्थातच रद्द झाला. पंच फार रागावले आणि मग त्यांनीच खाली पडलेला चिवडा वेचून खाल्ला. पुढं डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, तेव्हा चहा बशीत न सांडता तोंडात जाऊ लागला. टाळी काही परत आली नाही, आणि गुणवंतरावांनी ती मागितलीही नाही.

शकुबाईचा मात्र सकाळचा नेम ठरून गेला. एका हातात ढेपेचं टोपलं, दुसऱ्या हातात गोळी आणि पाण्याचा लोटा घेऊन ती अंगणात यायची आणि टक्‌ करायची. कोठ्यातून दोन तोंडं वर व्हायची, आणि ओट्यावर तिसरं उघडायचं.