कासुर्डीचा संध्याकाळचा टँकर

दोन हजार तेवीस साली, हौसरावांची नात सुलक्षणा हिच्या अंगावरची लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. दौंडच्या दूध संघात, केंद्रांची यादी नव्यानं मांडणाऱ्या अनुपमाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हौसरावांनी बोट टेकवलं.

“ह्या दोन वळी कसल्या?”

“कासुर्डी आणि कासुर्डी-सायं. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात दोन्ही संकलन केंद्रं बंद आहेत, आबा. दिवसाला दोनशे लिटरच्या खाली गेलं की नाव गळतं.”

पहिल्या ओळीत एकशे तीस लिटर होतं, दुसरीत एकशे दहा. हौसरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. संघातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. जुनी केंद्रं समजून घ्यायला अनुपमानं त्यांना बोलावलं होतं.

“दोन न्हाईत, एकच हाय. रोशनबीचं. सकाळचं दूध हितं दौंडला येतंय, संध्याकाळचं संघाच्याच शिरूरच्या ऑफिसाकडं जातंय. दोन्हीकडचे साहेब आपापल्या वहीत नाव मागायचे. मी तवा नुकताच रात्रीच्या शाळंत अक्षरं शिकलो व्हतो. एकच नाव दोन वह्यांत लिवलं तर लबाडी धरतील, असं वाटलं. म्हणून एक जादा नाव काढलं.”

“आणि तीस वर्षं कुणी विचारलं नाही?”

“अक्षर चांगलं व्हतं माझं.”

अनुपमा हसली. तिनं दुसरी ओळ पुसून तिचं दूध पहिलीत मिळवलं. दौंडखाली एकच कासुर्डी उरली, दोनशे चाळीस लिटरची.

त्याच दुपारी हौसराव कासुर्डीला गेले. रोशनबी दारात कॅन घासत बसल्या होत्या. हौसरावांनी आपली चूक आधी सांगितली, मग चहाला हात लावला.

“मला ठाव हाय, भाऊ,” रोशनबी म्हणाल्या. “आमच्या घरवाल्यांनी तवाच वाचून दावलं व्हतं. म्या म्हटलं, ऱ्हाऊ द्या. दोन नावं हायती म्हणून दोन टँकर थांबत्यात. आता एकच ऱ्हायलं, तर शिरूरवाला थांबंल का?”

हौसरावांनी बशी खाली ठेवली. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत गार ठेवायला रोशनबीकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दौंडचं ऑफिस उघडायच्या आधी ते पायरीवर बसले होते. अनुपमानं शिरूरच्या टँकरची यादी काढली. चालकाच्या फोनवर रोज तीच जायची. कासुर्डी त्यात नव्हती.

“हा कॉम्प्युटर एका केंद्राला एकाच ऑफिसच्या खाली बसू देतो, आबा. तालुका दौंड, म्हणून दौंड.”

“सुलक्षणाचं नाव आता सासरच्या रेशनकार्डावर चढंल,” हौसराव म्हणाले, “म्हणून आमच्या पंगतीतनं तिचं ताट उचलायचं व्हय? माणूस एकच हाय. घरं दोन.”

अनुपमानं खुर्ची पुढे ओढली आणि कॉम्प्युटरवर दुसरं झाड, म्हणजे कशाखाली काय येतं त्याचा तक्ता, मांडायला घेतलं. पहिलं तालुक्यांचं होतं, हे टँकरांचं. सकाळच्या टँकरखाली कासुर्डी आणि संध्याकाळच्या टँकरखालीही तीच. नवं नाव नाही, जुन्याकडेच दाखवलेलं बोट. एकूण बेरीज तेवढी पहिल्याच झाडावरून घ्यायची, म्हणजे दूध दोनदा मोजलं जाणार नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही.

“झालं,” ती म्हणाली.

“झालं का न्हाई, ते सांजंला कळंल.”

सांजेला हौसराव कासुर्डीच्या रस्त्यावर पालथ्या कॅनवर बसून राहिले. रोशनबी आणि त्यांची सून सुमैया भरलेल्या कॅनजवळ उभ्या होत्या. टँकर वळणावर दिसला आणि त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. चालक भैरू खाली उतरला.

“आबा, तुम्ही हितं कसं?”

“तू थांबतुयास का बघाय आलो.”

“लिस्टमधी हाय म्हटल्यावर थांबणारच की.”

हौसराव उठले. बसून बसून आखडलेला गुडघा त्यांनी चोळला आणि एका बाजूनं कॅनला हात लावला.

त्यानंतर टँकर एकदाही चुकला नाही. एका संध्याकाळी कॅन सुमैयानं एकटीनं दिले, आणि भैरूनं नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही. रोशनबी त्याच दिवशी, अकरा डिसेंबर दोन हजार चोवीसला, सकाळचं दूध गेल्यावर वारल्या होत्या.