तीच बेचाळीस माणसं

चौकड्यांचा शर्ट घातलेल्या गृहस्थांना मिनिटरावांनी दंडाला धरून दुसऱ्या रांगेतून उठवलं आणि सहाव्या रांगेत, खांबाच्या आड नेऊन बसवलं.

"काल तुम्ही पुढे होतात, आज मागे," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि शर्ट तरी बदलायचा होता."

"इस्त्रीचा एवढाच आहे," गृहस्थ म्हणाले.

मिनिटरावांच्या हातात बैठकीचा आराखडा होता. कालचे पुढचे आज मागे, कालचे डावीकडचे आज उजवीकडे, शिवणवर्गाच्या बायकांनी घोळक्याने बसायचं नाही. बेचाळीस माणसं, एक बस आणि रोज नवा हॉल. आज सातवा दिवस होता. या सगळ्या उलथापालथीत एकटे म्हातारे पोस्टमन तेवढे जागचे हलत नव्हते. त्यांना कमी ऐकू यायचं. पहिल्या दिवशी ते पहिल्या रांगेत मधोमध बसले, ते रोज तिथेच. उठा म्हटलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरत आणि म्हणत, "मला भाषण ऐकायचंय." हे कारण ऐकून मिनिटरावांना पहिल्या दिवशी हसू आलं होतं. बाकीच्या एक्केचाळीस जणांना चहा, जेवणाचं पाकीट आणि बसची फेरी एवढंच हवं होतं.

मिनिटराव हे नाव बाईंनीच ठेवलेलं. बाई सरकारच्या प्रमुख झाल्या तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्यांचे दौरे हा माणूस आखत आला होता. एके काळी निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार त्याच्या टेबलासमोर रांग लावत. बाईंची दहा मिनिटं तरी द्या हो, अशा विनवण्या करत. मग बाईंनी गल्लीबोळांतले दोनशे लहान दवाखाने बंद करून चार मोठी इस्पितळं उघडली आणि लोकांच्या मनातून त्या उतरल्या त्या उतरल्याच. मतदानानंतर मी पद सोडते, असं त्यांनी जाहीर करून झालं होतं, पण तेवढ्याने कुणाचं समाधान झालं नाही. आता तेच उमेदवार फोन करत आणि आवाज खाली आणून म्हणत, बाईंना आमच्याकडे पाठवू नका, जिंकत आलेली जागा जाईल.

शेवटी पक्षाच्या चिटणीसांनी मिनिटरावांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं.

"मतदानापर्यंत बाईंना कुठेतरी गुंतवून ठेव," ते म्हणाले होते. "हॉलमधल्या छोट्या सभा. निवडक नागरिकांशी संवाद, असं काहीतरी नाव दे. पत्रकार नकोत, खरे लोक तर नकोतच. आणि बाईंना पत्ता लागता कामा नये. एवढं निभावलंस तर नव्या साहेबांकडेही तुझी खुर्ची शाबूत राहील."

मिनिटरावांनी मान डोलावली होती. आपण किती चटकन डोलावली, हे आठवलं की त्यांना अजून कानकोंडं व्हायचं.

आज बसमध्ये नऊ जण कमी निघाले. शिवणवर्गात तापाची साथ आली होती. तेहतीस माणसांत हॉल अगदीच ओकाबोका दिसायला लागला, तेव्हा मिनिटरावांनी इकडून तिकडून माणसं गोळा केली आणि शेवटी बायकोलाही बोलावून घेतलं. ती शाळेतून परस्पर आली. हातात वह्यांची पिशवी होती.

"बाई मला ओळखतात," ती म्हणाली. "लेक झाली तेव्हा दवाखान्यात दोन तास बसून होत्या त्या, विसरलास?"

"दहा वर्षं झाली त्याला. शेवटच्या रांगेत बस, स्कार्फ बांध. त्या स्टेजवरून खाली उतरत नाहीत."

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. मग स्कार्फ बांधून ती मागे जाऊन बसली.

सभा रोजच्यासारखी पार पडली. बाई वीस मिनिटं बोलल्या. जिथे टाळ्या वाजवायच्या तिथे टाळ्या वाजल्या. शेवटी त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" आणि रोजच्यासारखंच कुणी तोंडातून ब्र काढला नाही. पहिल्याच दिवशी मिनिटरावांनी बसमध्ये उभं राहून सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, प्रश्न विचारायचे नाहीत. पोस्टमनना तर त्यांनी कानाशी वाकून वेगळं सांगितलं होतं.

मिनिटराव घड्याळाकडे पाहत दार उघडायला निघाले आणि तेवढ्यात बाई स्टेजच्या पायऱ्या उतरल्या. हे कागदावर नव्हतं. चिटणीस लगबगीने त्यांच्या मागे गेले. बाई दोन रांगांमधून लोकांना नमस्कार करत थेट शेवटच्या रांगेपर्यंत आल्या, मिनिटरावांच्या बायकोसमोर थांबल्या आणि तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. बाई किंचित वाकल्या. मग सरळ होऊन मोठ्याने म्हणाल्या, "आपण काय करता?"

"शाळेत शिकवते."

"वा! छान. येत चला अशाच."

आणि त्या पुढे गेल्या. मिनिटरावांचा जीव भांड्यात पडला. ओळखलं नाही! रोज हजार चेहरे बघणाऱ्या बाईला कुठला एक चेहरा लक्षात राहायला! दारातून बाहेर पडताना चिटणीसांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ती थाप त्यांना, लाज वाटायला हवी होती तरी, बरी वाटली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. स्कार्फ अजून गळ्यातच होता.

"आज वाचलो," मिनिटराव बूट काढत म्हणाले.

तिने वही मिटली.

"माझा हात धरून त्या काय म्हणाल्या, माहितीये?"

"काय करता म्हणून विचारलं ना? मी ऐकलं की."

"ते नंतर. आधी वाकून, अगदी हळू विचारलं, 'लेकीच्या हाताचं प्लास्टर निघालं का?'" बायको स्कार्फ सोडत म्हणाली. "मी हो म्हटलं. 'बरं झालं,' म्हणाल्या. मग चिटणीस मागे येऊन उभे राहिले, तर माझी ओळखच नाही असं दाखवून मोठ्याने, आपण काय करता! तुझी लाज राखायला. आणि मी पण उत्तर दिलं, शाळेत शिकवते म्हणून. इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते."

"खोटं कुठे? तू शिकवतेसच."

"गप्प बस," ती म्हणाली.

मिनिटराव एक बूट काढून आणि एक तसाच ठेवून बसून राहिले. लेकीचा हात मोडल्याचं बाईंना त्यांनीच सांगितलं होतं, दोन महिन्यांपूर्वी, गाडीत, सहज. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना कळलं याची ती लाज नव्हती. बाईंनी ते कळू दिलं नाही, याची होती.

सकाळी ते त्या दिवसाच्या दौऱ्याचा कागद घेऊन बाईंच्या कचेरीत गेले. सगळं सांगून टाकायचं आणि राजीनामा द्यायचा, असं जिना चढताना ठरवलं होतं. पहिलं वाक्य तर पाठच केलं होतं.

बाई खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. टेबलावर एरवी फायलींचा ढीग असायचा. आज एकच फाईल होती.

"या मिनिटराव. काही सांगायला आलात की कागद द्यायला?"

मिनिटरावांनी तोंड उघडलं.

"कागद द्यायला," ते म्हणाले.

"द्या मग."

बाईंनी कागद वाचला आणि हॉलच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"हे फार लांब आहे. पोस्टमनकाकांना बस लागते. काल पांढरेफटक पडले होते. आणि त्या शिवणवर्गात तापाची साथ आहे. कशाला त्यांना फिरवायचं? पक्षाच्या कचेरीत खालचा हॉल मोकळाच असतो की."

"बाई," मिनिटराव म्हणाले. "मी सगळं रद्द करतो."

"आणि मी काय करू? घरी बसले तर पेपरात येईल, पक्षाने बाईंना घरी बसवलं. बाहेर पडले तर त्या उमेदवार पोरांची मतं जातील. मीच उभं केलंय त्यांना." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "गळ्यातलं लोढणं झाले मी तुमच्या सगळ्यांच्या, मला कळत नाही होय? दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्ही काढलेली वाट वाईट नाही. फक्त मला आधी विचारलं असतंत, तर तुमच्या बायकोला तरी स्कार्फ बांधून बसावं लागलं नसतं."

मिनिटरावांना पाठ केलेलं वाक्य आता आठवत नव्हतं. आठवलं असतं तरी त्याचा काही उपयोग नव्हता.

"किती दिवस राहिले?"

"चार."

"काढू चार दिवस," असं म्हणून बाईंनी कागदावर सही केली.

त्याच दुपारी पक्षाच्या कचेरीतल्या खालच्या हॉलमध्ये मिनिटरावांनी आराखडा काढलाच नाही. लोक हवे तिथे बसले. शिवणवर्गाच्या बायका घोळक्याने बसल्या, चौकड्यांचा शर्ट दुसऱ्या रांगेत आला. पोस्टमन आपल्या जागी होतेच. चिटणीस दाराशी उभे होते. ही बेफिकिरी पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण बाई समोर असल्यामुळे त्यांना बोलता येईना.

मिनिटराव भिंतीला टेकून उभे होते. अकरा वर्षं बाईंची भाषणं त्यांनी घड्याळावर ऐकली होती. आता ऐकायला गेले तर बाईंचा आवाज किती बसलाय, हेच आधी ऐकू आलं.

"कुणाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

पुढच्या रांगेत एक हात अर्धवट वर आला आणि तिथेच थांबला. पोस्टमन वळून मिनिटरावांकडे पाहत होते. सांगितल्याप्रमाणे आठ दिवस गप्प बसलेला तो म्हातारा त्यांची परवानगी मागत होता.

दाराशी चिटणीसांनी मनगटावर बोट आपटलं. वेळ संपली, उठव सगळ्यांना. मिनिटरावांनी ते पाहिलं. आपली खुर्चीही त्यांना डोळ्यांसमोर दिसली, खिडकीजवळची, पाठीला उशी लावलेली.

त्यांनी पोस्टमनकडे पाहून मान डोलावली.

पोस्टमन पुढच्या खुर्चीचा आधार शोधत उठले. पुढे खुर्ची नव्हती, म्हणून तसेच उभे राहिले. कमी ऐकणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने बोलले.

"आमच्या गल्लीतला दवाखाना बंद झाला. बायकोच्या पायाला जखम होती. मी तिला रोज पट्टी बदलायला चालत न्यायचो, हात धरून. मोठं इस्पितळ दोन बस बदलून आहे. चांगलंय, नाही म्हणत नाही. पण तिला बस चढवेना. मग आम्ही जायचंच सोडलं. ती गेली. आता काही मागायला आलो नाही मी. आज बाई त्याबद्दल बोलतील, उद्या बोलतील, म्हणून आठ दिवस पुढे बसतोय. आमचाच का बंद केलात, एवढंच विचारायचं होतं."

आपण एका बाईला फसवतोय, एवढंच मिनिटरावांना इतके दिवस वाटत होतं. त्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून, तोंड उघडायचं नाही हं काका, असं सांगितलेलं त्यांना आठवलं. काकांनी तेव्हा समजूतदारपणे मान हलवली होती.

"वेळ झाली, बाई," चिटणीस दारातून म्हणाले. "मिनिटराव, अहो, वेळ झाली ना?"

"नाही," मिनिटराव म्हणाले.

बाईंनी माइक बाजूला सारला. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, पहिल्या रांगेतली एक रिकामी खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून पोस्टमनच्या समोर घेतली आणि त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकवली.

"बसा काका, पाय दुखतील," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, तिथपासून सांगावं लागेल. वेळ लागेल जरा."